खिडकीतली गिऱ्हाइकं

१

दुपारची भांडी आवरली, नवऱ्याला औषध दिलं, की टेलरमावशी पुढच्या खोलीत येऊन बसायची आणि लोकांच्या हाडांना कपडे घालायची.

ऐकायला विचित्र वाटतं, पण गल्लीला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. नवरा-बायकोनं मिळून चाळीस वर्षं शिलाईचं दुकान चालवलं. कापायचं काम त्यांचं, शिवायचं हिचं. त्यांना सगळे मास्तर म्हणत, हिला टेलरमावशी. पुढे मावशीच्या डोळ्यांनी दगा दिला, सुईत दोरा ओवायला दहा-दहा मिनिटं लागायला लागली, आणि दुकानाला कुलूप पडलं. हात मात्र स्वस्थ बसेनात. अशात एकदा दारावर आलेल्या भंगारवाल्याच्या पोत्यातून एक एक्स-रे घसरून तिच्या पायाशी पडला. हॉस्पिटलातून जुन्या फिल्म गठ्ठ्यानं निघतात, त्या त्याच्याकडे येतात. मावशीनं ती उचलून उजेडात धरली. कुणाची तरी छाती होती. काळपट निळ्यावर पांढऱ्या फासळ्या, खाली पुसट झालेलं पोट.

"अगं बाई," ती म्हणाली, "हा असा उघडाच?"

आत आणून तिनं त्याच्यावर शर्ट रंगवला. चित्रकला तिला कुणी शिकवलेली नव्हती, आणि तिनंही कधी कुणाला विचारलं नाही. दरवाजे रंगवून उरलेला ऑइलपेंट डब्यांच्या तळाशी होता. बुटाच्या जुन्या ब्रशाचे केस काडीला बांधून तिनं आपला ब्रश केला. बटणं काडेपेटीच्या काडीनं उठवली, चौकडी फणीच्या दातांनी ओढली, आणि शिवणीची बारीक टीप संपलेल्या रिफिलच्या टोकानं ओल्या रंगात टोचली. मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवून तो शर्ट बराच वेळ पाहिला.

"कॉलर बरोबर बसलीय," ते म्हणाले.

चाळीस वर्षांत या माणसानं इतकं कौतुक कधी केलं नव्हतं. मग काय, बाई सुटलीच. पुढच्या खोलीची खिडकी मोठी, चौकोनी काचांची. एकेका काचेवर एकेक जण येऊन बसला. कुणाला कोट, कुणाला शाळेचा गणवेश, एका बारक्या पोरीला झालरीचा फ्रॉक. दुपारचं ऊन आलं की रंग पेटायचे आणि आतून फासळ्या दिसायच्या.

शेजारीण खिडकीखालून जाताना ओरडायची, "मावशी, मेलेल्यांचे कपडे शिवता का हो?"

"मेलेल्यांचे कुठले? फोटो काढून घरी गेलेल्यांचे," मावशी आतून म्हणायची. "तुझा पण आण एकदा. बघू तरी आत काही आहे का."

आता या कामाची एक रीत होती. मापाशिवाय कापडाला हात लावायचा नाही, हे तिच्या हाडीमाशी खिळलेलं. म्हणून फिल्म आधी काचेला चिकटवायची, मग टेप लावायची. आणि मापाला उभं राहिलेलं गिऱ्हाईक काय करतं? छाती फुगवतं. मग शर्ट ढगळ होतो आणि शिव्या टेलरला. त्यामुळे टेप लावली की मावशीच्या तोंडून एक वाक्य आपसूक निघायचं, "श्वास सोडा." फिल्मला माप लावतानाही ते निघायचंच.

"अगं, कुणाला सांगतेस?" मास्तर हसायचे, आणि हसता हसता त्यांना खोकल्याची उबळ यायची.

"सवय हो," ती म्हणायची, आणि पाणी आणायला उठायची. तो खोकला तिला आवडत नव्हता. दोन महिने झाले, हटत नव्हता.

२

बुधवारी चारच्या सुमाराला जी फिल्म हातात आली ती दणकट माणसाची होती. रुंद खांदे, आणि गळ्याजवळच्या डाव्या हाडावर धातूची एक पट्टी, चार स्क्रू मारून बसवलेली.

"कुठं आपटलात बाबा?" मावशी म्हणाली आणि फिल्म काचेला चिकटवली. डाव्या हाताचा अंगठा एका कडेच्या फासळीवर, उजव्या हाताचं बोट दुसऱ्या कडेच्या फासळीवर, मध्ये टेप ताणलेली. पुरे बारा इंच. बोटं तशीच ठेवून ती म्हणाली, "श्वास सोडा."

नखाशी काहीतरी हललं.

तिनं डोळे बारीक केले. बोट जिथल्या तिथं होतं. फासळी नव्हती. नख आणि फासळी यांच्यामध्ये काळी फट पडली होती, पाव इंचाहून जास्त. अंगठ्यापाशीही तेवढीच. तिनं पुन्हा माप घेतलं. सव्वाअकरा.

"घ्या," ती स्वतःशीच म्हणाली, "आता आकडेही दिसेनात."

चष्मा पदराला पुसून पुन्हा पाहिलं. सव्वाअकराच. खोलीत एक वास आला होता, बंद तोंडाचा, शिळा. फिल्मला लागलेला भंगाराच्या पोत्याचा असणार, दुसरं काय. तिनं खिडकीची एक झडप उघडली, सव्वाअकराच्या मापानं त्या माणसाला निळ्या चौकडीचा शर्ट रंगवला, आणि मग उशिरानं चहा ठेवायला गेली. तेव्हा तिला भीतीबिती काही वाटली नाही. शर्ट मात्र झकास उतरला होता.

३

रात्रीच्या जेवणाआधी तिनं मास्तरांना विचारलंच. "अहो, फिल्म आकसते का?"

"कापड आकसतं. फिल्म कशाला आकसेल?"

"बारा होते. सव्वाअकरा झाले."

मास्तर उठले, स्वतःची टेप घेऊन आले. कटिंग करणाऱ्या माणसाला दुसऱ्याची टेप चालत नाही. त्यांनी मापलं, दोनदा मापलं. "सव्वाअकरा आहेत. तू पहिल्यांदा चुकलीस."

"मी मापात चुकले? कधी चुकलेय?"

"त्या पोलिसाच्या पँटला चुकली होतीस."

"ती तुम्ही चुकीची कापली होती!"

भांडण झालं, हसणं झालं, खोकला झाला, आणि विषय मिटला. मावशीनंही ठरवलं की आपणच चुकलो. चुकलो म्हणणं सोपं होतं.

पण दुसऱ्या दिवशी नवी फिल्म लावताना तिनं एक केलं. बोलायच्या आधी दोन्ही कडांना सुईनं बारीक टोचून ठेवलं. मग म्हणाली, "श्वास सोडा." दोन्ही फासळ्या सुईच्या खुणांपासून आत सरकल्या, सावकाश, खांदेही किंचित खाली आले. दमलेलं माणूस खुर्चीत टेकताना जसं सैलावतं, तसं. तोच शिळा वास पुन्हा आला.

मावशी स्टुलावर बसली. ऊन होतं, रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत होतं. अशा उजेडात घाबरायचं तरी कसं? आणि खरं सांगायचं तर तिला घाबरण्यापेक्षा दुसरंच काहीतरी वाटलं. तिला बरं वाटलं. जन्मभर गिऱ्हाइकांनी तिला ताटकळत ठेवलं, मापात खोड्या काढल्या, आणि ही बघा, एका शब्दात ऐकतात. इतकी शहाणी गिऱ्हाइकं तिला आयुष्यात मिळाली नव्हती.

त्या आठवड्यात तिनं आणखी तिघांना माप लावलं. तिघांनीही ऐकलं. खिडकीत एकूण अकरा जण झाले. मास्तरांना ती काही बोलली नाही, कारण ते हसले असते, आणि हसले की खोकले असते.

४

शेवटी लेकीनं दम दिला. लेक दोन गल्ल्या पलीकडे राहायची, आईच्याच हाताखाली शिकून घरी शिवणकाम करायची, आणि जीभ तिची कात्रीपेक्षा धारदार. "बाबा, उद्या हॉस्पिटलात चला, नाहीतर मी इथंच मुक्काम ठोकते." मास्तर लगेच तयार झाले.

एक्स-रेच्या खोलीबाहेर बाकावर मावशी बसली होती. दार नीट लागत नव्हतं. आतून एक्स-रेवाल्याचा कंटाळलेला आवाज आला, "छाती टेकवा. खांदे पुढे. श्वास घ्या. अजून घ्या. आता धरून ठेवा."

मग यंत्राचा खटका वाजला. मावशी पुढच्या शब्दाची वाट बघत राहिली. तो आला नाही. दार उघडून एक्स-रेवाला बाहेर आला आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

मास्तर शर्टाची बटणं लावत आले. मावशीनं त्यांचा दंड धरला. "अहो, त्यानं सोडा म्हटलं का?"

"काय सोडा?"

"श्वास. धरा म्हणाला ते मी ऐकलं. सोडा म्हणाला का?"

"नाही म्हणाला. मी आपला सोडला. त्याची परवानगी कशाला लागते?" मास्तर हसले. "चल, डॉक्टर थांबलेत."

डॉक्टरनं फिल्म दिव्यावर लावली. उजव्या बाजूला डाग होता. बरा होणारा डाग होता, सहा महिने न चुकता औषध घ्यायचं, खायचं-प्यायचं, आराम करायचा. "घाबरण्यासारखं नाही आजी," डॉक्टर म्हणाले. "वेळेवर आलात."

मावशी मान हलवत होती, पण तिचं लक्ष फिल्मवर होतं. भरलेली, टम्म फुगलेली छाती. तिचा नवरा खुर्चीत बसून आरामात श्वास घेत होता, आणि तिकडे दिव्यावर त्यानं तो धरून ठेवला होता. तिच्या खिडकीतले सगळेही असेच आले होते, कुणीतरी धरा म्हटलं म्हणून धरून, किती वर्षं कोण जाणे. तिला त्यांची दया आली. आपण त्यांना मोकळं केलं, असं तिच्या मनात आलं आणि तिला समाधान वाटलं. हे समाधान तिला पुढे फार महाग पडणार होतं.

५

भंगारवाला सोमवारी आला. चार-पाच फिल्म वेगळ्या बांधून आणल्या होत्या. पाणी प्यायला आत आला, आणि तांब्या तोंडाशी नेता नेता खिडकीकडे बघत थांबला.

"मावशी, हे दाजी आहेत आमचे."

"कोण?"

"हे चौकडीच्या शर्टातले. बहिणीचा नवरा माझ्या. ही पट्टी बघा, चार स्क्रूची. मोटरसायकलवरून पडले होते तेव्हा बसवली. बहिणीनं कपाट आवरलं तेव्हा तिनंच दिली मला ही फिल्म, पोत्यात टाकली होती मी." तो जवळ गेला. "काय शर्ट काढलाय हो. असाच होता त्यांच्याकडे एक."

"होता म्हणजे?"

"गेले ना. गेल्या बुधवारच्या आधीच्या बुधवारी." त्यानं तांब्या खाली ठेवला. "काही आजार नाही, काही नाही. दुपारी चारच्या सुमाराला खुर्चीत बसून पेपर वाचत होते. बहीण म्हणते, एकदम मोठा श्वास सोडला. तिला वाटलं कंटाळले. मग परत घेतलाच नाही. आमच्यात पुरतात; दुसऱ्या दिवशी माती दिली."

मावशीनं चौकडीच्या शर्टाकडे पाहिलं. ती भिंतीला धरून उभी राहिली.

"बसा, बसा मावशी. तुम्हाला कशाला सांगितलं मी."

"वय काय होतं?" तिनं विचारलं.

"पासष्ट. पण साखर होती थोडी."

साखर होती. पासष्ट वय. मावशीनं ते दोन्ही शब्द घट्ट धरले. साखर असली की हृदय असंच बंद पडतं, तिच्या चुलत बहिणीचं पडलं होतं. बुधवार काय, आठवड्याला एक येतोच. भंगारवाला गेला तरी ती तेच घोकत राहिली. पण मधूनच खिडकीकडे नजर जायची. चौकडीवाला एक झाला. मग उरलेले दहा? ते कोणाच्या घरचे? ती फ्रॉकवाली पोर?

तिनं पडदा ओढून घेतला.

६

तीन दिवस तिनं पडदा उघडला नाही. मास्तर विचारायचे, "काय गं, रंग संपला?" ती म्हणायची, डोळे दुखतात. खोली बंद-बंद वाटायची. खरं म्हणजे ती खोली नेहमीच शांत होती, पण आता त्या शांततेकडे तिचं लक्ष जायचं. बाहेर गाडी गेली, कुत्रं भुंकलं, नळ गळला, की बरं वाटायचं. ते थांबलं की वाटायचं, पडद्यामागे अकरा माणसं आहेत आणि एकालाही श्वास नाही.

चौथ्या दिवशी मास्तर दुपारचे झोपले होते, तेव्हा तिला सुचलं. सुचलं ते इतकं साधं होतं की आधी कसं सुचलं नाही असं तिला वाटलं. सोडा म्हटलं तर सोडतात. मग घ्या म्हटलं तर?

तिनं पडदा एका बाजूनं सारला. चौकडीच्या शर्टासमोर उभी राहिली. फासळ्यांच्या दोन्ही कडांवर बोटं ठेवली. घसा खाकरून, त्याच्या एकट्याच्या कानाशी बोलावं तशी हळू म्हणाली,

"श्वास घ्या."

बोटांखालून फासळ्या बाहेर सरकल्या. या वेळी सावकाश नाही, हपापल्यासारख्या. सुकलेला रंग दोन्ही बगलांच्या शिवणींवर करकरला, भेगा पडल्या, निळा कपचा तिच्या मनगटावर येऊन पडला. शर्ट सव्वाअकराचा होता आणि आत बारा इंच भरले होते, बाराहून जास्तच.

मावशीला क्षणभर आनंद झाला. हो, आनंदच झाला. घेतला, घेतला त्यानं! आणि मग तिच्या लक्षात आलं की हा माणूस जाऊन पंधरा दिवस झालेत. त्याला जिथं पुरलं असेल तिथं आत्ता त्यानं श्वास घेतला असेल. तिथं, त्या अंधारात, एकट्यानं. आणि आता तो धरून बसला असेल.

"सोडा," ती कुजबुजली. "सोडा बाबा, सोडा, चुकलं माझं. सोडा."

फासळ्या आत गेल्या. शिवणीच्या भेगा तशाच राहिल्या. ती जमिनीवर बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली, मास्तर जागे होऊ नयेत म्हणून.

७

त्यानंतर तिनं पुढच्या खोलीत तोंड उघडणंच बंद केलं. त्या फिल्म काढाव्यात तर काढताना काय होईल, फाडाव्यात तर काय फाटेल, या नुसत्या विचारानं ती हात मागे घ्यायची. म्हणून त्या तिथंच राहिल्या, पडद्यामागे. मास्तरांची फिल्म तिनं पाकिटातून काढून न बघता दुपट्यात गुंडाळली आणि मोठ्या पेटीच्या तळाशी ठेवली, वर चाळीस वर्षांच्या चिंध्यांची गाठोडी.

लेकीला सांगावं असं दहा वेळा मनात आलं. पण सांगणार काय? आई भ्रमिष्ट झाली म्हणून लेक तिलाच हॉस्पिटलात नेईल आणि मग घरात मास्तर एकटे. गप्प राहणंच बरं, असं तिनं ठरवलं.

आणि गंमत बघा, मास्तर बरे होत होते. खोकला उतरला. दोन घास जास्त जायला लागले. गालांवर थोडं मांस आलं. सकाळी ते उठायच्या आधी मावशी त्यांच्या छातीकडे बघत पडून राहायची. वर, खाली. वर, खाली. तेवढं दिसलं की तिचा दिवस सुरू व्हायचा. तिला जगात दुसरं काही नको होतं.

मास्तरांना वेगळीच काळजी. "काय गं, तोंड शिवलंय का तुझं कुणी?" ते विचारायचे. "माझ्या दुखण्याचा धसका घेतलास तू. रंग सोडलेस. मी बरा होतोय की."

"व्हा, पूर्ण बरे व्हा," ती म्हणायची. "मग बघू."

चांगला माणूस होता हो. बायकोचं काळीज हलकं कसं करावं, याचाच तो विचार करत होता. आणि त्याला एक युक्ती सुचली.

८

रविवारी दुपारी लेक आली. मावशी स्वयंपाकघरात चहाला दूध तापवत होती. पुढच्या खोलीतून दोघांचं हसणं ऐकू आलं. मास्तर खळखळून हसले आणि खोकला आला नाही. कितीतरी दिवसांनी असं हसले. मावशीनं दुधावरची नजर न काढता मनातल्या मनात हात जोडले.

"आईला सांगू नकोस आत्ताच," मास्तरांचा आवाज. "सगळी पेटी उपसली तेव्हा सापडली. म्हटलं, लोकांना इतके कपडे घातलेस, आता नवऱ्याला एक कोट घाल. म्हणजे तरी हात चालेल तिचा."

"डबल ब्रेस्ट घालू या का बाबा?" लेक म्हणाली. पडद्याच्या कड्या सळसळल्या. "थांबा, मी माप घेऊन ठेवते. आईचे डोळे दुखतात ना."

मावशीच्या हातातलं फडकं खाली पडलं. तिला हाक मारायची होती. तोंडातून नुसती हवा आली.

"अय्या बाबा, फोटोतसुद्धा छाती काय फुगवलीय!"

"मग? कमी समजू नकोस मला."

मावशी धावली. स्वयंपाकघर ते पुढची खोली, आठ पावलं. मध्ये दाराची चौकट. खिडकीत ऊन भरलेलं, लेक काचेपाशी पाठमोरी, अंगठा एका कडेवर, बोट दुसऱ्या कडेवर, मध्ये टेप. आईनं शिकवलं होतं तस्संच. बाजूला आरामखुर्चीत मास्तर बसलेले, बायकोला बघून चोरी पकडल्यासारखे हसले.

"श्वास सोडा बाबा," लेक काचेला म्हणाली.

मास्तरांनी सोडला. मोठा, लांब, दिवसभराचं काम संपवून दुकानाचं शटर ओढल्यावर सोडायचे तसा. ओठांवर ते हसू होतंच. श्वास संपला आणि त्यांचे खांदे खाली आले.

"आई, हे बघ ना," लेक म्हणाली, तिचं लक्ष टेपवर. "माप कमी कसं झालं?"

मावशीनं तिला खांद्यानं ढकललं आणि लेकीचं बोट होतं तिथंच आपलं बोट टेकलं. "घ्या!" ती ओरडली. "अहो, श्वास घ्या! घ्या!"

वरच्या काचेवर रंग करकरला. मग त्याच्या शेजारच्या. मग सगळीकडून, एकामागून एक. शर्टांच्या बगला, कोटाची पाठशिवण, फ्रॉकची झालर, टीप उसवावी तसा आवाज साऱ्या खिडकीतून आला आणि रंगाचे कपचे मावशीच्या केसांवर पडले. अकरा जणांनी श्वास घेतला होता. तिनं वर पाहिलं नाही. ती बोटाकडे बघत होती. नख आणि फासळी यांच्यामध्ये काळी फट होती, आणि ती भरत नव्हती.

"घ्या ना हो," ती म्हणाली.

फट तशीच. आणि मग तिला कळलं. या अकरा जणांना सोडायला तिनं सांगितलं होतं. मास्तरांना लेकीनं सांगितलं होतं.

"तू सांग," ती वळून म्हणाली. "तू सांग त्यांना, घ्या म्हण."

लेक तिथं नव्हती. ती खुर्चीपाशी गुडघ्यावर बसली होती, वडिलांचे गाल थोपटत होती. "बाबा? अहो बाबा, असं काय करता? आई, बघ ना, बाबा बघ कसे करतायत!"

"इकडे ये. इकडे बघून म्हण. श्वास घ्या म्हण, एकदाच म्हण!"

"बाबा, श्वास घ्या!" लेक किंचाळली, त्यांच्या तोंडावर, त्यांच्या छातीवर दोन्ही हात दाबत. "श्वास घ्या ना बाबा!"

"तिकडे नाही गं," मावशी म्हणाली. तिला बोट उचलायची भीती वाटत होती. "तिकडे नाही, राणी. या काचेकडे बघून. माझ्याकडे ये, मी सांगते तुला, आधी ये."

"आई, काय काचा-काचा लावलंयस!" लेक रडत ओरडली. "माणूस इथं आहे!"

आणि ती वडिलांच्या छातीला कान लावून तशीच राहिली, खिडकीकडे पाठ करून. मावशी तिला हाका मारत राहिली, आधी मोठ्यानं, मग हळू. लेकीनं मागे वळून पाहिलं नाही.